दहा किलो बासमती आणि मिलिंद कांबळे

मिलिंद कांबळे सकाळचा चहा छातीवर नंबर लावून प्यायचा. पांढऱ्या कापडाचा चौकोन, त्यावर जाड काळ्या मार्करनं लिहिलेला सतरा, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. तसाच दुसरा चौकोन पाठीवर. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुठली तरी मॅरेथॉन असेल. आठवडाभर रोज मॅरेथॉन कशी असेल, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सिच्युएशन अशी आहे ताई, तिथं नाव नसतं. पाच दिवस नंबरानंच हाक मारतात. सवय पाहिजे." आणि मग सवय आम्हालाही हवी म्हणून त्यानं आम्हाला नंबर दिले. लुकासला दोन, मला चार.

मी पीएचडी करत होते. त्या घरात मी वयानं सगळ्यात मोठी होते. भाड्याचा करार माझ्या नावावर होता. आणि मला नंबर चार! लुकासला दोन का, विचारलं तर म्हणे तो उंच आहे.

हे सगळं जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधलं. युनिव्हर्सिटीच्या मागे जंगल, जंगलाला लागून आमची बिल्डिंग, तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचं वेगे, म्हणजे तिघांनी मिळून घेतलेलं घर. एका खोलीत मी, नाशिकची अश्विनी, धातूंच्या भेगा मोजणारी. दुसऱ्या खोलीत लुकास, गणिताचा जर्मन विद्यार्थी, तोंडातून दर तासाला चार वाक्यं काढणारा. तिसरी खोली रिकामी झाली आणि माझी दुर्बुद्धी की मी म्हटलं, आपला मराठी मुलगा घेऊ. घरात मराठी ऐकू येईल. ऐकू आलं. सकाळी साडेपाचला "एक-दोन-एक" ऐकू आलं.

मिलिंद तासगावकडचा. इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन मास्टर्सला आलेला. पणजोबा फौजेत शिपाई, आजोबा नाईक, वडील हवालदार. तीन पिढ्या सलाम ठोकण्यात गेल्या, आता चौथीनं घ्यायचा, असं त्याचं साधं गणित होतं. त्याला आपल्या सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. मग बाबा, जर्मनीत काय करतोस? हे मी त्याला आल्याच्या तिसऱ्या दिवशी विचारलं. तर म्हणाला, अ‍ॅडमिशन मिळाली, आबा, म्हणजे वडील, म्हणाले शीक, म्हणून शिकतोय. तेही करायचं आणि हेही. आई तो बारावीत असताना गेली, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं, कांदा चिरता चिरता, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता एक माणूस दोन गोष्टी करतो म्हटल्यावर निदान एक तरी धड करेल, अशी आपली अपेक्षा असते. मिलिंद लेक्चरला बसायचा तो पाठ ताठ आणि हात गुडघ्यांवर ठेवून, कारण मुलाखतीत तसं बसतात. त्या पोझमध्ये नोट्स कशा घेणार? घ्यायचाच नाही. मग परीक्षेच्या आधी माझ्या दारात उभा. कंट्रोल थिअरीच्या पेपरात तो एकदा आपटला, मग दुसऱ्यांदा आपटला. जर्मनीत शिकलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: इथं एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालात की कोर्समधून नाव कमी, आणि विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसासुद्धा धोक्यात. हे त्याला मी सांगितलं, लुकासनं सांगितलं, युनिव्हर्सिटीच्या पत्रानं ठळक अक्षरांत सांगितलं. त्यानं ते पत्र फ्रिजवर लावलं आणि पळायला गेला.

पळण्याबद्दल तर मी बोलूच नये, पण बोलणार आहे. वजन घेऊन पळायची सवय हवी, असं त्याच्या आबांनी सांगितलेलं. आबा फौजेत पोरांना पीटी शिकवायचे. वजन म्हणून विटा घ्याव्यात तर जर्मनीत वीट अशी रस्त्यावर मिळत नाही. त्यानं आमच्या बिल्डिंगच्या हाउसमाइस्टरला, म्हणजे देखभालीच्या माणसाला, रीतसर पत्र लिहून सहा विटा मागितल्या. तो माणूस दुसऱ्याच दिवशी फूटपट्टी घेऊन आमच्या घरात, आम्ही कुठली भिंत बांधतोय ते बघायला. एक तास मी त्याची समजूत घातली. मग काही दिवस शांतता होती. मला वाटलं, विषय मिटला.

मिटला कसला! महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे भात नीट होईना. मी आणि मिलिंदनं मिळून एशियन शॉपमधून दहा किलोची बासमतीची गोणी आणली होती, चांगल्यातली, लांब दाण्याची. पाणी कमी घातलं, जास्त घातलं, कुकर बदलला, तरी नुसता गिचका. शेवटी ताटलीत तांदूळ पसरून बघितला तर निम्मी कणी. मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते. कोट घातला होता, बूट घातले होते. तेवढ्यात दार उघडून मिलिंद आत आला, घामाघूम, आणि त्यानं पाठीवरची सॅक उतरवून तिच्यातून गोणी काढून कपाटात जागच्या जागी ठेवली. रोज पाच किलोमीटर तो तांदूळ जंगलात आदळत होता. मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. तो सगळं ऐकून म्हणाला, "पण ताई, वजन बरोबर दहा किलो आहे. छापलंय वर." पुढचे चार महिने आम्ही खिचडी खाल्ली.

सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या त्या पाच दिवसांच्या निवडीत म्हणे गटाची परीक्षा असते. नकाशा देतात, एक गोष्ट सांगतात: अमुक ठिकाणी माणूस बुडतोय, तमुक ठिकाणी रेल्वेचा रूळ उखडलाय, जंगलात डाकू आहेत, तुम्ही आठ जण आहात, काय कराल? आठ जण कुठून आणणार? एका रविवारी त्यानं मला आणि लुकासला स्वयंपाकघरात बसवलं, आणि बाकी पाच जणांच्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, नंबर लावून. डाळीचे डबे म्हणजे गावं, वरवंटा म्हणजे डोंगर. मिलिंदनं गोष्ट वाचली. लुकासनं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, आल्झो, म्हणजे तर मग, बुडणाऱ्यासाठी एकशेबाराला फोन, डाकूंसाठी पोलिसांच्या एकशेदहाला, रुळाचं रेल्वेवाले बघतील. मिलिंद म्हणाला, फोन चालत नाहीये. लुकास म्हणाला, मग आधी फोन कंपनीला तक्रार. मिलिंदचे कान लाल झाले. म्हणाला, तू स्वतः पाण्यात उडी मारशील की नाही? लुकासनं बराच विचार केला आणि विचारलं की पोहण्याचं सर्टिफिकेट आपल्यापैकी कुणाकडे आहे. मी तर हसून हसून टेबलाखाली जायची बाकी होते. मिलिंदनं बाटल्या गोळा केल्या आणि तीन दिवस लुकासशी फक्त नंबरानं बोलला.

मग ते शब्द, तेही त्या निवडीतलंच. सव्वाशे चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द. मी पोळ्या करताना दर पंधरा सेकंदांनी एक चिठ्ठी वर धरायची, त्यानं लगेच एक वाक्य बोलायचं, आणि वाक्य असं हवं की ऐकणाऱ्याला वाटावं, वा, काय धडाडीचा माणूस. 'भीती' आलं की म्हणायचा, भीतीच्या डोळ्यांत बघितलं की ती पळते. हाच माणूस व्हिसाच्या कार्यालयात जायच्या आदल्या दिवशी जेवायचा नाही. खिडकीमागच्या बाईनं चष्म्यावरून बघितलं की याच्या हातातल्या फायली खाली पडायच्या. तिथं मलाच पुढे व्हावं लागायचं. माझ्या पोळ्या करपल्या त्या वेगळ्याच.

तर अशी दोन वर्षं काढली मी. त्याच्याही आधी तो निवडीला दोनदा जाऊन परत आला होता. वयाचं सत्ताविसावं वर्ष संपलं की दार बंद, म्हणजे आता तिसरी आणि शेवटची वेळ. आणि अर्थातच, कर्म बघा, त्याला तारीख आली ती जुलैतली, आणि त्याच आठवड्यात कंट्रोल थिअरीची तिसरी परीक्षा.

"सिच्युएशन अशी आहे," म्हणून त्यानं सांगायला सुरुवात केली तेव्हाच मी हातातला चमचा आपटला. म्हटलं, सिच्युएशन काही नाही, परीक्षा दे आणि माणसात ये. दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात घालणार का? तो म्हणाला, आबांना सांगून झालंय, येतोय म्हणून. लुकासनं यावर सगळ्यात सोपा उपाय सुचवला. परीक्षेच्या दिवशी डॉक्टरकडून आजारपणाची चिठ्ठी आणायची, परीक्षा आपोआप पुढच्या सत्रात जाते. अर्धी युनिव्हर्सिटी हेच करते. एक जर्मन माणूस नियमाला बगल द्यायला सांगतोय, म्हणजे किती सोपं असेल! पण नाही. मिलिंद म्हणाला, मी आजारी नाही. खोटी चिठ्ठी घेऊन अधिकारी व्हायला जाऊ?

मी म्हटलं, जा मग, हरिश्चंद्रा, प्रोफेसरांना खरं सांग जा. हे मी रागानं म्हटलं होतं. हा खरोखर गेला. नंबर काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. आता हे प्रोफेसर कसे, तर ऑफिसच्या दारावर शांततेचं कबुतर चिकटवलेलं. तरुणपणी सक्तीची सैन्यसेवा नाकारून त्याऐवजी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातलेला माणूस. त्यांना यानं सांगितलं की मला सैन्यात अधिकारी व्हायचंय, तेवढी परीक्षा हलवा. मी घरी बसून त्याचं सामान भरायला घ्यावं की काय, या विचारात होते. तासाभरानं तो परत आला. प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं होतं, मग खिडकीबाहेर बघत म्हणाले होते की मी नाही म्हणू शकलो, तर तुला हो म्हणता आलं पाहिजे. लेखीऐवजी तोंडी परीक्षा, चार दिवस आधी. आणि मी माझ्या प्रोफेसरांकडे रिपोर्टसाठी दोन दिवस मागितले होते तर ते मिळाले नव्हते. हा न्याय आहे का?

ते तीन आठवडे मी त्याचा अभ्यास घेतला. का घेतला ते विचारू नका. माझे स्वतःचे नमुने भट्टीत पडून होते आणि मी दुसऱ्याच्या विषयाच्या आकृत्या काढत होते. सकाळी तांदळाची नवी गोणी घेऊन पळणं, मग लायब्ररी, संध्याकाळी चिठ्ठ्या, मग पुन्हा आकृत्या. तोंडी परीक्षेत तो इतका ताठ बसला की प्रोफेसरांनी विचारलं, पाठ दुखतेय का. काठावर पास झाला, अगदी शेवटच्या गुणावर. लुकास म्हणाला, पास म्हणजे पास. दुसऱ्या दिवशी मिलिंद विमानात बसला. मी त्याला डब्यात मेथीचे पराठे दिले आणि स्टेशनवर सोडायलाही गेले, आता हेही सांगून टाकते.

दहा दिवसांनी तो परत आला. दारात बूट काढता काढता म्हणाला, "नाही झालं." पाचव्या दिवशी सगळ्यांना रांगेत बसवून निवड झालेल्यांचे नंबर वाचतात. त्यात सतरा नव्हताच, कारण तिथं त्याला एकोणतीस दिला होता, आणि एकोणतीसही नव्हता. एवढंच बोलला. मी वरणभात वाढला. त्या रात्री मला माझ्याच घरात रडू आलं, त्याला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला हा पुन्हा तांदूळ पाठीवर घेऊन बाहेर. मी म्हटलं, असू दे, सवय आहे, आठवडाभरात सुटेल. आठवडा गेला, महिना गेला. छातीवरचा नंबर गेला, चिठ्ठ्या गेल्या, पळणं काही जाईना. मग एकदा सातच्या सुमारास स्वयंपाकघरात चहा टाकताना ऐकलं, बाल्कनीत फोनवर बोलत होता. "आबा, सत्तावीस मिनिटं. हो. नाही, अजून पुढची तारीख आली नाही. कळवतील."

गॅसवरचा चहा उतू गेला. पुढची तारीख? कसली पुढची तारीख? वय संपलेलं. दार बंद. हा माणूस, ज्यानं एक फुटकळ चिठ्ठी खोटी आणायची नाही म्हणून माझा जीव खाल्ला, तो रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या बापाशी खोटं बोलत होता. निवडीला जाऊन काय झालं, हे त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. निकाल राखून ठेवलाय, पुन्हा बोलावतील, असं काहीतरी सांगून ठेवलं होतं. तो स्वयंपाकघरात आल्या आल्या मी त्याला धरलं. म्हटलं, त्या म्हाताऱ्या माणसाला आशेवर ठेवतोस, तुला काही वाटतं का? तो चहाचं भांडं घासत राहिला.  शेवटी म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं ताई." मला नाही कळायचं! मी त्याच्याशी आठ दिवस बोलले नाही. त्यानं ते ओळखलं की नाही, कोण जाणे.

असं जानेवारीपर्यंत चाललं. जानेवारीत जंगलातल्या वाटेवर पाण्याचा काचेसारखा बर्फ होतो, दिसत नाही. मी सांगितलं होतं. लुकासनं सांगितलं होतं. गेला, आणि घसरून पडला. घोटा टरारून सुजला. लुकास त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. हाड मोडलेलं नव्हतं. पट्टी बांधून, तीन आठवडे पाय टेकायचा नाही अशी तंबी घेऊन आले. या वेळी आजारपणाची चिठ्ठी खरीखुरी होती आणि तिचा कुणाला काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सातला मी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले तर हा पलंगावर पडलेला, पाय दोन उशांवर, आणि छाती जोरजोरात वरखाली करतोय. मी घाबरले. त्यानं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं, तशीच धाप टाकत टाकत फोन लावला आणि म्हणाला, "आबा… सत्तावीस… मिनिटं." मी कप टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. आयुष्यात इतका संताप मला क्वचित आला असेल.

दुपारी मी लॅबमध्ये असताना माझा फोन वाजला. भारतातला अनोळखी नंबर. "अश्विनीताई का? मी मिलिंदचा बाप बोलतोय." अडचणीच्या वेळेसाठी म्हणून मिलिंदनं कधीतरी माझा नंबर घरी दिलेला. मी म्हटलं, बोला काका. ते म्हणाले, पोराला कुठं लागलंय का? मी गडबडले. काहीतरी सारवासारव करायला लागले तर म्हणाले, "ताई, चोवीस वर्सं पोरांना पळवलंय मी. खरी धाप मला कळती. आजची खोटी हुती."

मग मी सांगितलं. पाय मुरगळलाय, पट्टी आहे, तीन आठवडे. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगायला गेले, की काका, अजून एक गोष्ट आहे, ते निवडीचं… त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, ते ठावं हाय मला. पोराचं वय बापाला ठावं नसंल व्हय? तो परत आला त्याच दिवशी आवाजावरनं कळलं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा तिकडून खोटं बोलतोय आणि हे इकडून खोटं ऐकतायत, आणि मधल्यामध्ये माझ्या भाताची कणी. म्हटलं, मग काका, तुम्ही त्याला सांगून का टाकत नाही? सुटेल बिचारा.

 मग ते म्हणाले, "सांगिटलं तर मग फोनवर काय बोलायचं आमी? त्याची आय हुती तवा ती बोलायची, आमी दोघं ऐकायचो. आता त्याला बी बोलाय येत न्हाई, मला बी न्हाई. पळण्याचं तेवढं येतंय."

मी लॅबच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते.  मग तेच म्हणाले, की एक काम करा ताई, पाय बरा होईस्तवर त्याला टायमिंग जरा वाढवून सांगाय सांगा. बर्फात सत्तावीस कुणाचं येतंय? तुमच्याकडनं म्हणून सांगा, माझं नाव काढू नका.

घरी आले. मिलिंद भिंतीला टेकून कसलं तरी पुस्तक वाचत होता. मी त्याच्या घोट्यावरची पट्टी बघण्याच्या निमित्तानं बसले आणि म्हटलं, उद्या बत्तीस सांग. त्यानं पुस्तक खाली केलं. मी म्हटलं, बाहेर बर्फ आहे, सत्तावीस कुणाला खरं वाटेल, तुझे आबा काय दुधखुळे आहेत का?  तो हळूच म्हणाला, "बत्तीस फार होतात ताई. तीस?" मी म्हटलं, बत्तीस.

सकाळी सातला मी मुद्दाम स्वयंपाकघरात होते. भांडी न वाजवता उभी होते. मिलिंद म्हणाला, "आबा, बत्तीस झाली आज." आणि पलीकडून जो आवाज सुरू झाला तो मला दारातून ऐकू येत होता. बर्फावर टाच आधी टेकायची नाही, चवडा टेकायचा, गुडघ्याला कापड बांधायचं, मोजे दोन घालायचे, सकाळी काय खातोस, कोण देतं करून, ती ताई ओरडते का, ओरडू दे, बरं असतं. मिलिंद पाय उशीवर ठेवून नुसता हो आबा, हो आबा म्हणत होता, आणि हळूहळू त्याच्या आवाजातली खोटी धाप कधी थांबली, ते त्यालाही कळलं नाही. एरवी दोन मिनिटांत संपणारा तो फोन त्या दिवशी पाऊण तास चालला. चहा गार झाला, लॅबला उशीर झाला, आणि कुणावर चिडावं ते मला कळेना.